रित्या खेपा

१

पिंपरीघाटाला भिलाच्या नावेचं इंजिन आलं त्या दिवशी शाळा आपोआप सुटली. सुकलाल मास्तरांनी सुट्टी दिली नव्हती. मुलंच उठून पळाली, आणि मास्तरही धोतराचा सोगा सावरत त्यांच्या मागोमाग घाटावर आले. सुरतेहून रेल्वेने नंदुरबार आणि तिथून रनाळ्यावरून बैलगाडीने आलेलं ते धूड चारचौघांनी खांदा देऊन नावेत उतरवलं, तेव्हा तापीचं पाणी काठाला एकदा चुबकलं आणि सगळ्या गावाने टाळ्या पिटल्या.

"सात घोडास्नं बळ शे म्हनतस," कोणीतरी म्हणालं.

"मंग घोडा कोठे बांधात?" दुसऱ्याने विचारलं, आणि त्या एका विनोदावर गाव संध्याकाळपर्यंत हसलं.

इंजिन बसवायला नंदुरबारच्या एका कापसाच्या जिनातला फत्तेसिंग मिस्त्री आला होता. दोन दिवस तो नावेच्या पोटात उताणा पडून होता. तिसऱ्या दिवशी त्याने तोंड पुसलं, बिडी पेटवली आणि सोबत आलेली चोपडी मास्तरांच्या हातात दिली. चोपडी इंग्रजी होती. मास्तरांनी ती रात्री मराठीत उतरवून काढली आणि दुसऱ्या दिवशी घाटावर उभं राहून, राणीच्या जाहीरनाम्यासारखी, वाचून दाखवली.

"प्रथमचे तीन दिवस नाव संपूर्ण रिकामी चालवावी. गती निम्मी ठेवावी. चौथ्या दिवसापासून चार माणसांचा भार, सहाव्यापासून सोळांचा, आणि बाराव्या दिवशी पूर्ण, म्हणजे चाळिसांचा. भार द्यावा, मग उसंत द्यावी, पुन्हा भार द्यावा. तोपर्यंत उतारू घेऊ नयेत."

"इतला लाड?" भिला हसत म्हणाला.

"नवा गोऱ्हा तुम्ही एकदम भरेल गाडीले जुपतस का, भिलाभाऊ?" मिस्त्रीने विचारलं. "ह्याना पोटमाना भाग अजून एकमेकसले वळखतस नही. घाई करशात ते आतमा वरखडा पडतीन. मंग हिवाळामा चाली ते, पन पूरमा दम सोडी दी."

भिलाचं हसू तिथेच थांबलं. बाकीचं सगळं त्याने एका कानाने ऐकलं होतं, पूर हा शब्द मात्र त्याने दोन्ही कानांनी ऐकला.

कारण इंजिन त्याने मिरवायला आणलं नव्हतं. त्याची निर्मला मार्गशीर्षात पलीकडे लोणखेड्याला द्यायची होती. नऊ वर्षांपूर्वी, भादव्यात, तिची आई कौसाबाई पलीकडेच माहेरी गेली होती, आणि परत येताना तापीला पूर आला. बांबूने रेटायची नाव त्या पाण्यात घालणं म्हणजे मरण. तीन दिवस कौसाबाई पलीकडच्या बाभळीखाली भिजत बसून होती आणि तीन दिवस भिला अलीकडे उभा होता. ती हात हलवायची, काहीतरी ओरडायची, पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नसे. चौथ्या दिवशी ती बाभळीखाली नव्हती. तापाने गेल्याचा निरोप आठ दिवसांनी आला.

आपली पोर तशी पलीकडे अडकायची नाही. पूर असो की काही असो, तिला माहेरी यावंसं वाटलं की नाव गेली पाहिजे. भिलाला एवढंच हवं होतं, आणि त्यासाठी तो इंजिनाचे बारा दिवस काय, बारा महिने लाड करायला तयार होता.

२

एकच अडचण निघाली, ती म्हणजे भिलाची माय, धनुबाई.

धनुबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. दिवसभर ती घाटावरच्या लिंबाखाली गोणपाट टाकून बसे आणि पावलांवरून माणूस ओळखे. मास्तरांचं वाचन तिने नीट ऐकलं आणि विचारलं, "रिती म्हंजे कशी रिती? वाटसरू ते ठेवशी ना?"

पिंपरीघाटाची एक रीत होती. पलीकडून येताना नाव कधी रिती आणायची नाही. उतारू नसेल तर तिथल्या काठावरचा एक गोटा उचलायचा, मागच्या फळीवर ठेवायचा, आणि अलीकडे आल्यावर उतरवून ठेवायचा. त्या गोट्याला वाटसरू म्हणत. भिलाच्या आजोबाच्या आधीपासून हे चालत आलेलं, आणि त्याचं कारण कोणी विचारत नसे. जोडे दाराबाहेर का काढतात हे तरी कोण विचारतं? अलीकडच्या काठावर अशा गोट्यांचा केवढा तरी ढीग साचला होता. बायका त्यावर धुणं वाळत घालत.

मास्तरांनी चष्मा वर केला. "चोपडीत संपूर्ण रिकामी असं स्पष्ट लिहिलं आहे, आजीबाई."

"मास्तर, एक गोटानं वजन कितलं?"

"प्रश्न वजनाचा नाही, नियमाचा आहे."

भिलाने मायकडे पाहिलं, मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीने खांदे उडवले. एका गोट्याने इंजिनाचं काही बिघडणार नव्हतं हे त्यालाही ठाऊक होतं आणि भिलालाही. पण ज्याने एकदा आयुष्यात फार मोठं काही गमावलंय, तो माणूस दुसऱ्या वेळी नियमातला काना-मात्रा सोडत नाही.

"बारा दिवस नही ठेवत, माय," भिला म्हणाला. "मंग ठेवसू."

 धनुबाईने गोणपाट थोडं मागे सरकवून घेतलं, वाटेतून बाजूला.

३

पहिली खेप म्हणजे जत्राच झाली. इंजिनाचं डोकं दिव्याने तापवलं, भिलाने जड चाकाला हात घातला, एक हिसका, दोन हिसके, आणि तिसऱ्याला ते खोकलं, धुराचं एक वेटोळं सोडलं आणि चालू झालं. टक टक टक टक. काठावरची पोरं त्या ठेक्यावर नाचायला लागली. पुढच्या टोकाला जान्या होता. सातपुड्याच्या पायथ्याहून वीस वर्षांपूर्वी आलेला हा भिल्ल गडी भिलाच्या बरोबरीचा, आणि बांबू धरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आता बांबूला काम उरलं नाही म्हणून तो जरा खट्टू होता. पण नाव पाणी कापत सुटली तशी त्याचीही बत्तिशी दिसायला लागली.

"भिला, मी आते बठीसन बिडी पिऊ का?"

"पी. राजा व्हयना तू."

जी खेप बांबूने अर्धा तास खायची ती बत्ताशासारखी तोंडात विरघळली. पलीकडे बाभळीखाली कोणी नव्हतं. भिलाने सवयीने वाकून गोट्याला हात घातला, मग आठवण होऊन सोडून दिला. नाव वळवली. रिती नाव घेऊन तो जन्मात पहिल्यांदा त्या काठावरून निघाला.

त्या दिवशी आठ खेपा झाल्या. सहाव्या-सातव्या खेपेला भिलाच्या कानाला काहीतरी टोचायला लागलं. जाताना इंजिन टक टक टक असं मोकळं बोलत होतं. येताना त्याचा आवाज किंचित खाली उतरायचा. टुक, टुक, टुक. भरल्या घागरीने बाई चालावी तसा. जाताना एक आवाज, येताना दुसरा, आणि पुन्हा जाताना पहिला.

प्रवाहाचं असेल, भिला मनात म्हणाला. पण डोहात प्रवाह असा कुठला? मार्गशीर्षातली तापी ताटातल्या पाण्यासारखी पडलेली असते.

४

दुसऱ्या दिवशी त्याने नावेच्या अंगावरच्या रेघा पाहायला सुरुवात केली.

भिलाच्या बापाने नावेला चुन्याच्या दोन रेघा ओढून ठेवल्या होत्या, आणि इंजिन चढल्यावर भिलाने त्या तेवढ्याच अंतराने वर नव्याने ओढल्या होत्या. खालची रितीची, वरची भरतीची. दोहोंत दहा बोटांचं अंतर. चार माणसं बसली की नाव बोटभर बुडते हा हिशोब बापाने बसवलेला, आणि तो कधी चुकला नव्हता. एक माणूस म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढं पाणी चढायचं.

पलीकडे पोहोचल्यावर भिलाने वाकून पाहिलं. पाणी खालच्या रेघेला नेमकं लागलेलं. तो आणि जान्या, दोघं, नेहमीसारखे. त्याने बिडी पेटवली, अर्धी ओढली, पुन्हा वाकला. रेघ पाण्याखाली गेली होती. बोटभर नव्हे, अर्ध बोट.

गळती!  त्याने फळ्या उचलल्या, तळात हात फिरवला. तळ कोरडा होता. पंख्याचा दांडा बाहेर जातो तिथे थेंब थेंब पाणी झिरपावं असं मिस्त्रीनेच सांगितलेलं, तेवढंच झिरपत होतं. वाटीभरही साचलं नव्हतं.

संध्याकाळी मिस्त्री तेल बदलायला आला. काळं तेल त्याने मातीच्या परातीत काढलं आणि उन्हाकडे धरलं. तेलात बारीक चमचम होती. "हाई दखा, लोखंड झिजी ऱ्हायनं. झिजू द्या. झिजनं म्हंजे जुळनं." भिलाने चिमटीत तेल चोळून पाहिलं. मग हळूच विचारलं, येताना आवाज जड का येतो.

मिस्त्री स्वतः एक खेप बसला. कान इंजिनाला, तळवा गरम पाणी बाहेर पडतं त्या नळीखाली. पलीकडून निघाल्यावर त्याच्या कपाळाला आठी पडली. काठाला लागेपर्यंत ती तशीच होती.

"इंजन ठीक शे," तो शेवटी म्हणाला. "एकदम ठीक. ओझं उचली ऱ्हायनं आनि बिचारं बरोबर उचली ऱ्हायनं." मग आपल्याच बोलण्याचं त्याला नवल वाटलं. त्याने मागे वळून मोकळ्या फळ्यांकडे पाहिलं, हत्यारांची पिशवी गोळा केली, आणि चहासुद्धा न घेता नंदुरबारची गाडी गाठायला निघाला. "बारावा दिन झाया का निरोप धाडा," एवढं मात्र वळून सांगितलं.

५

चौथा दिवस उजाडला, आणि चोपडीप्रमाणे चार माणसांचा भार द्यायचा होता. त्यासाठी वाळूची पोती भरायची ठरली होती. रिकामी पोती रनाळ्याच्या बाजारातून यायची, ती काही वेळेवर आली नाहीत. भिला म्हणाला, आजच्या दिवस रितीच नेऊ.

येताना पाणी रेघेच्या वर नेमकं एक बोट होतं.

भिलाने ते तीनदा मोजलं. मग तो नावेच्या कडेवर बसला आणि बराच वेळ ते ओलं बोट हातात धरून राहिला, जणू ते दुसऱ्याचं होतं.

पाचव्या दिवशीही एक बोट. सहाव्या दिवशी चोपडी सोळा माणसांचा भार सांगत होती. रनाळ्याहून पोती आली होती, वाळू भरून घाटावर रांगेने उभी होती. सकाळच्या पहिल्या खेपेला येताना चार बोटं पाणी चढलं. चार बोटं, म्हणजे सोळा.

"चोपडी कोनी वाची व्हई तठे?" जान्याने विचारलं. तो थट्टा करत होता की नाही, हे त्याच्या तोंडावरून कळेना. आदल्या दिवसापासून तो फळीवर बसत नव्हता, बिडीही पीत नव्हता. पलीकडे नाव टेकली की उठून अगदी टोकाला जाऊन उभा राहायचा, अंग चोरून. दाटीवाटीच्या नावेत नावाडी उभा राहतो तसा.

"असा काय उभा ऱ्हास रे?"

"जागा नको का?" जान्या म्हणाला.

भिलाला त्या वेळी खरं तर नाव काठाला बांधून घरी जाता आलं असतं. गोटा ठेवायला लागला असता तरी चाललं असतं, मायला एका शब्दाने विचारता आलं असतं. हे सगळं त्याच्या मनात येऊन गेलं. पण तो इंजिनाशेजारी बसला होता आणि त्याच्या तळव्याखाली ते चालत होतं, आणि चार दिवसांपूर्वीचं ते खरखरीत, हिसके मारणारं जनावर कुठल्या कुठे गेलं होतं. आता ते सोळा माणसांचं ओझं दम धरून, एकसुरात ओढत होतं. जाताना उसंत, येताना भार. मास्तरांच्या कागदावर लिहिलेलं अक्षर न् अक्षर घडत होतं. वाळूच्या पोत्यांनी इतकं नेमकं झालं नसतं.

काम होतंय ना, भिलाने स्वतःला बजावलं. मग झालं तर.

भीती वाटत होती, नाही असं नाही. मानेवरचे केस अलीकडे येईपर्यंत उभे असायचे. पण त्या भीतीला एक चमत्कारिक गोडी होती. लग्नघरात पहाटे जाग यावी, पाहुणे रात्रीच येऊन पडलेत हे कळावं, आणि अंधारात कोण कुठे निजलंय ते मात्र दिसू नये, तसं काहीसं. त्याने वाळूची पोती रिकामी करून टाकली.

६

बाराव्या दिवशी ऊन स्वच्छ पडलं होतं. पलीकडे नाव टेकवून भिला नावेतच काठाकडे पाठ फिरवून उभा राहिला आणि त्याने मनातल्या मनात शंभर आकडे मोजले. वळला तेव्हा पाणी भरतीच्या रेघेला भिडलं होतं. भिडलं होतं म्हणजे जवळजवळ. ज्वारीच्या दाण्याएवढी पांढरी कड वर राहिली होती.

ती कड त्याने पाहिली आणि का कोण जाणे, त्याची नजर बाभळीकडे गेली. तिथे सावली होती, दुसरं काही नव्हतं.

ती खेप भिला कधी विसरला नाही. पुरा वेग दिला तसं इंजिन गरजलं. मोकळ्या फळ्या, त्यांवर ऊन, आणि कडेपासून वीतभर खाली पाणी. जान्या टोकाला पाय जुळवून उभा. नाव जडपणे, डौलाने डोह कापत होती, आणि भरल्या नावेत असतो तसा एक ऊबदार वास मधूनच यायचा, ओल्या कपड्यांचा आणि तंबाखूचा. भिलाने मागे पाहिलं नाही. नळीचं पाणी हाताला कोमट लागत होतं. तेवढ्याकडे त्याने लक्ष दिलं.

नाव काठाला लागली. जान्याने दोर खुंटाला घातला. भिलाने इंजिन बंद केलं, आणि जी शांतता पसरली तिच्यात नाव हलली.

दाण्याएवढी वर आली. थांबली. पुन्हा दाण्याएवढी वर आली. दोर सैल व्हायचा, ताणायचा, सैल व्हायचा. एकेक. कोणी घाई करत नव्हतं. उतारू मोजणं ही नावाड्याची जन्माची सवय, आणि भिलाचे ओठ आपोआप हलायला लागले. सात. आठ. मध्येच एकदा बराच वेळ गेला, म्हातारं माणूस असावं. एकवीस. बावीस. दोनदा हलका हिसका बसला, ती बहुधा पोरं, उड्या मारून उतरलेली.

एकोणचाळिसाला खालची रेघ पाण्याबाहेर पूर्ण आली आणि नाव निश्चल झाली.

लिंबाखाली धनुबाई गोणपाटावर दोन्ही गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, वाट मोकळी करून. तिचं तोंड घाटाकडे होतं आणि ते हसत होतं. डावीकडून उजवीकडे मान हळूहळू फिरत होती, आणि थोड्या थोड्या वेळाने ती कपाळाला हात लावून म्हणत होती, "रामराम. रामराम, भो. या. पोरनं लगीन शे."

जान्या डोक्याचं फडकं सोडून हातात घेऊन उभा होता. भिलाच्या डोळ्यांत का पाणी आलं ते त्यालाही सांगता आलं नसतं.

७

फत्तेसिंग मिस्त्री लग्नाच्या आदल्या दिवशी आला. इंजिनाचं चाक हाताने फिरवून पाहिलं, तेल काढून उन्हात धरलं. तेलात चमचम नव्हती. "भिलाभाऊ," तो म्हणाला, "वीस वरीस झायात माले. इतलं बेस रुळेल इंजन मी दखं नही. हाई आते पूरले भीत नही. कितला पोता भरात तुम्ही?"

"एक बी नही," भिला म्हणाला.

लग्न असं झालं की पिंपरीघाटात अजून बोलतात. लोणखेड्याचं वऱ्हाड दोन खेपांत आलं, दर खेपेला चाळीस. वाजंत्री नावेतच वाजवत होते आणि इंजिन त्यांच्या ठेक्याला ठेका देत होतं. नवरदेवाचा आजा तर इंजिनाजवळच बसून राहिला, उतरायलाच तयार होईना. मास्तरांनी मंगलाष्टकं इतकी लांबवली की भटजी घाबरले.

जेवणाला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. बट्ट्यांचं सगळं भिलाच्या बहिणीच्या, फुलवंताबाईच्या हाती होतं. पंगती बसायला लागल्या तशी धनुबाईने काठी आपटली. "भिंतीबरोबर एक पंगत मांडा. वाढा. तठे कोनी बठू नका."

"कोनासाठे वं, माय?"

"तू वाढ."

म्हातारीचं मन मोडू नये म्हणून फुलवंताबाईने वाढलं. मग ती नवरीकडच्या गडबडीत अडकली. बऱ्याच वेळाने ती भिंतीकडची पंगत आवरायला गेली, आणि परत आली ती आणखी दोन पाट्या पीठ मळायला सांगतच. पुढे दिवसभर भिंतीकडे जाताना ती डोक्यावरचा पदर नीट करून जायची.

८

दुपार कलताना नवरी निघाली. निर्मला नावेत चढली आणि थेट मागच्या फळीवर, डाव्या कडेला जाऊन बसली. नाव निघाली तशी तिने बांगड्या वर सारल्या आणि हात पाण्यात सोडला. चार बोटांच्या चार बारीक रेघा पाण्यावर नावेबरोबर पळायला लागल्या.

 कौसाबाई अशीच बसायची, त्याच जागी, अशीच बोटं सोडून. बसली की नाव डाव्या अंगाला जराशी कलायची, आणि भिला दर वेळी तिच्यावर ओरडायचा. निर्मला तेव्हा सात-आठ वर्षांची होती. तिला ते आठवत असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"हात काढ वं, डोहमा सुसर शे," तो म्हणाला.

"आईले बी असंच म्हनस ना तुम्ही, बाबा," निर्मला रडता रडता हसली. हात काही तिने काढला नाही.

पलीकडे बैलगाड्या उभ्या होत्या. निर्मला त्याच्या गळ्यात पडली. "पूर उना तरी येसू ना मी?" तिने विचारलं.

"हाक मार. मी इंजन चालू करीसनच बठेल ऱ्हासू," भिला म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य बोलताना त्याला खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही. गाड्या हलल्या, लोणखेड्याच्या वाटेला लागल्या, धुरळा बाभळीवरून पुढे गेला. बाभळीपाशी तो क्षणभर दाट झाला आणि मग विरला.

जान्याने काठावरचा एक गोल गोटा उचलून आणला. बारा दिवस संपले होते. "वाटसरू," तो म्हणाला.

भिलाने गोटा हातात घेतला. उन्हाने तो तापला होता. एकोणचाळीस, त्याला आठवलं. ज्वारीच्या दाण्याएवढी पांढरी कड आठवली. आणि एकदम त्याला कळलं की कोणीतरी त्या दिवशी पाय मागे घेतला होता, नाव भरत असताना. कोणाला तरी आधी पोर पलीकडे आलेली पाहायची होती, तिची गाडी, तिची माणसं.

 गोटा ठेवला असता तर नाव रिती राहिली नसती, आणि नेहमीसारखा तो घरी जाऊन निजला असता. त्याने वाकून गोटा जिथून आणला होता तिथे परत ठेवला.

"ऱ्हाऊ दे, जान्या."

मग नावेत चढून तो इंजिनाकडे तोंड करून उभा राहिला. नाव हलली. अगदी थोडी. आणि डाव्या अंगाला कलली.

जान्या टोकाला गेला आणि नदीकडे तोंड करून बसला, पाठ नावेकडे. भिलाने चाकाला हिसका दिला. पहिल्याच हिसक्याला इंजिन चालू झालं. टुक, टुक, टुक, हलकं, एका माणसाच्या ओझ्याचं. मावळतीचं ऊन सपाट डोहावर पसरलं होतं, वारा नव्हता. भिलाने मागे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, आणि मागे त्याने पाहिलंही नाही. नजर खाली, डाव्या कडेच्या पाण्याकडे गेली, एवढंच.

तिथे चार बारीक रेघा नावेबरोबर पळत होत्या.

मधल्या डोहापर्यंत तो त्या पाहत राहिला.  शेवटी त्याने नऊ वर्षं न काढलेला आवाज काढला. तो थोडा चिडका निघाला, पूर्वीसारखाच.

"हात काढ वं. डोहमा सुसर शे."

रेघा गेल्या. पाण्याचे चार थेंब कडेच्या फळीवर पडले, ओळीने.

नाव काठाला लागली. जान्याने वर न बघता दोर खुंटाला घातला. भिलाने इंजिन बंद केलं आणि वाट पाहिली. नाव सरळ झाली. दाण्याएवढी वर आली.

घाटावर लग्नघरातून वाजंत्रीचा आवाज येत होता. लिंबाखाली धनुबाईने मान वर केली, कान दिला. मग गोणपाटावर एका बाजूला सरकली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर हात थापटला.

"ये वं बाई," ती म्हणाली. "कितला उशीर. बठ. पोरनं घर कसं शे, सांग माले."

आणि तोंडाचं बोळकं उघडं टाकून, मान डोलावत, ती बराच वेळ ऐकत राहिली.